कान मोकळे झाल्याचं घरी सांगू नकोस

जुईनगर, ८ जून २०२५

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. सगळे जिवंत आहेत. फोन करत नाही, कारण फोनवर तुझं बोलणं मला धड कळत नाही. तू काहीतरी लांबलचक सांगतेस, मी "छान, छान" म्हणतो आणि मागाहून कळतं की तू कुणाच्या तरी मयताचं सांगत होतीस. मोबाइलवर लिहायचं तर तो अभिरामने घेऊन दिलाय आणि पासवर्डही त्यानेच घातलाय. म्हणून सरळ पोस्टाने.

ताई, आमच्या घरात काहीतरी शिजतंय.

माझी अख्खी नोकरी बेलापूरच्या कचेरीत चौकशीच्या फायली चाळण्यात गेली, हे तुला माहीत आहे. माणूस काय लपवतो ते त्याच्या बोलण्यावरून नाही, तो कुठे जाऊन बोलतो त्यावरून कळतं. अभिराम आणि वैदेही हल्ली गॅलरीत जाऊन बोलतात. जाताना सरकतं दार लावून घेतात. काचेतून मला दोघांची तोंडं हलताना दिसतात. मी उठून तिकडे गेलो की दोघंही हसऱ्या चेहऱ्याने आत येतात. घरात असतानाही बोलणं खालच्या पट्टीत. टीव्हीचा आवाज मी वाढवला की कुणीतरी येऊन कमी करतं.

आणि सून तर माझ्याशी बोलणं टाकल्यासारखी वागते. रोज सकाळी चहा पिताना मी तिला आवर्जून सांगतो की चहा छान झालाय. स्मिता गेल्यावर मी ठरवलं होतं की सासरा म्हणून आपण कुठे कमी पडायचं नाही. पण बाई मानसुद्धा वळवत नाही. काल जेवताना भात मागितला, तर समोरून उठून निघून गेली.

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायचं चाललंय आणि फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर आहे. पुढचं तुला सांगायला नको.

कानाचं म्हणशील तर उजव्या कानाला थोडे दडे बसल्यासारखं वाटतं. पण मी रोज अंघोळीनंतर दोन्ही कान बड्स घालून स्वच्छ करतो, अगदी आतपर्यंत. तेव्हा दोष कानात नाही. तुझं मत कळव.

तुझा,
नंदू

*

देवरूख, १५ जून २०२५

प्रिय नंदू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला यात नवल काहीच वाटलं नाही. स्मिता असती तर ही वेळ आली नसती. मी कुणाच्या सुनेबद्दल वाईट बोलणारी नाही, पण दार लावून बोलणं हे चांगल्या घरचं लक्षण नव्हे एवढं मात्र म्हणेन. कशावरही सही करू नकोस. "बाबा, फक्त इथे एक सही" असं कुणी म्हणालं तर चष्मा सापडत नाही म्हणून सांग.

कानासाठी एवढ्यातेवढ्याला डॉक्टरकडे पळायला नको. आपली आई करायची तसं कर. खोबरेल तेलात लसणाच्या पाकळ्या काळ्या होईपर्यंत कढव, कोमट झालं की रात्री दोन्ही कानांत भरपूर सोड आणि वर कापूस लाव. आपण लहानपणी एवढं पोहायचो विहिरीत, कधी कुणाचा कान फुटला का?

आणि नंदू, माझ्या घराची मागची खोली रिकामीच आहे. तिथे दुपारी वारा छान येतो. तुला तिथे आवडत नसेल तर इथे यायला कुणाची परवानगी लागत नाही. मी काही आग्रह करत नाही. पण कालच माणूस बोलावून खिडकीची कडी दुरुस्त करून घेतली.

अनेक आशीर्वाद.
ताई

*

जुईनगर, २५ जून २०२५

ती. ताई,

तू म्हणालीस तसं तेल सोडलं. रोज सोडतोय. उजवा कान आता पार बंद झाला आणि डावाही त्याच वाटेने निघालाय. शिवाय आत खाज आणि थोडं ठणकतंयही. अर्थात गुण यायला वेळ लागणारच.

पण गंमत अशी की स्वतःचा आवाज मला डोक्यात घुमल्यासारखा मोठा ऐकू येतो. पापड खाल्ला तर भिंत पडल्यासारखं वाटतं. म्हणून मी हल्ली बोलतो ते अगदी बेताने. घरात ओरडून बोलणारा म्हातारा कुणाला हवा असतो?

पण या लोकांना त्याचंही काही नाही. मी विचारतो त्याची उत्तरं मिळत नाहीत. परवा अभिरामला विचारलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय ठरलं? तो मोबाइलमध्ये बघत बसला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा मान वर करून म्हणतो, "बाबा, काही म्हणालात का?" अरे, समोर बसून दोनदा विचारलं!

आता मुख्य गोष्ट. काल दोघंही माझ्यासमोर येऊन बसले आणि अभिराम मोठमोठ्याने बोलायला लागला, जसं काही मी खुळा आहे. "बाबा, टेन्शन नका घेऊ, एकदा कान दाखवून येऊ. माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे." पण ओळखीचा डॉक्टर कशाला लागतो ते मला ठाऊक आहे. ओळखीचा डॉक्टर सर्टिफिकेट देतो. या माणसाला ऐकू येत नाही, समजत नाही, व्यवहार कळत नाही. एक कागद आणि एक शिक्का. अशी प्रकरणं मी स्वतः हाताळली आहेत. मी स्वच्छ नकार दिला.

दिनानाथ, आमच्या मजल्यावरचा, म्हणाला की स्टेशनबाहेर एक कान कोरणारा बसतो, त्याच्याकडून करून घे. मी जाऊन लांबून बघितलं. तो प्रत्येकाच्या कानातून सारख्याच रंगाचा, सारख्याच आकाराचा गोळा काढून दाखवत होता. गोळा आधीपासून त्याच्या बोटात असावा असा माझा दाट संशय आहे. शिवाय ती सळई तो प्रत्येक वेळी त्याच फडक्याला पुसत होता. तसाच परत आलो.

ताई, माझं इथे आता मन लागत नाही. बॅग माळ्यावरून खाली काढली आहे. अभिरामला सांगितलंय की मी ताईकडे जाणार, कायमचा. तो काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही.

नंदू

*

जुईनगर, २७ जून

ती. आत्यांना नमस्कार,

मी वैदेही. तुमचा पत्ता बाबांना आलेल्या पाकिटावरून घेतला. पत्र वाचलं नाही, फक्त पाकीट बघितलं. फोनवर हे बोलायला जमलं नसतं.

बाबांचं काय चाललंय ते तुम्हाला माहीत असेल तर प्लीज मला सांगा. ते माझ्याशी बोलतच नाहीत. नुसते ओठ हलतात, आवाज येत नाही. मी "काय म्हणालात?" विचारलं की तोंड फिरवतात. खरं सांगते, मला वाटायला लागलंय की ते मला मनातल्या मनात काहीतरी बोलत असतात. सकाळी चहाच्या वेळीसुद्धा कपाकडे बघून पुटपुटतात. आधी ते असे नव्हते. आई गेल्यावर पहिल्या वर्षी मला भाजी निवडायला मदत करायचे, ऑफिसच्या गमती सांगायचे.

आम्ही घरात काही बोललो की विचारतात, "माझ्याबद्दल काय चाललंय?" म्हणून आम्ही गॅलरीत जाऊन बोलायला लागलो. ते आमचं चुकलंच, त्याने संशय वाढला असणार. टीव्ही ते एवढा मोठा लावतात की खालच्या मजल्यावरून दोनदा तक्रार आली.

आम्हाला खात्री आहे की त्यांच्या कानात मळ भरलाय. ते दिवसातून दोनदा बड्स घालतात आणि आता लसणाचं तेलही ओततायत, सगळ्या उशांना वास येतोय. अभिरामने एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बड्सने मळ आत ढकलला जातो, आणि आत बघितल्याशिवाय काहीही घालायचं नाही, पडद्याला भोक असलं तर तेल भलतीकडे जातं. पण बाबा डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातात.

ते तुमचं ऐकतात. त्यांना एवढं सांगा की ते बोलतात ते आम्हाला ऐकूच येत नाही, आणि एकदा कान दाखवून या. कुठल्याही डॉक्टरला. मग त्यांना तुमच्याकडे यायचं असेल तर जरूर यावं.

आपली,
वैदेही

*

देवरूख, ४ जुलै २०२५

प्रिय नंदू,

तुझ्या सुनेचं पत्र आलं होतं. विशेष काही नाही, डॉक्टरचंच तुणतुणं. गोड लिहिते.

मी विचार केला. कान दुखतोय तर तेल बंद कर आणि डॉक्टरकडे जाच. ठणका अंगावर काढू नकोस. पण त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नाही. तू स्वतः शोध, एकटा जा, घरात चकार शब्द बोलू नकोस.

आणि समजा कान मोकळे झाले, तर ते घरी सांगू नकोस. आठवडाभर तसाच बस, काही ऐकू येत नसल्यासारखा. मग तुला कळेल कोण काय बोलतं ते. एवढी वर्षं चौकश्या केल्यास, ही एक घरची कर.

इथे यायची तारीख ठरव. खोलीला चुना लावून घेत्ये.

ताई

*

जुईनगर, १४ जुलै २०२५

ती. ताई,

काम फत्ते. सविस्तर लिहितो.

बेलापूरला जुन्या कचेरीच्या मागच्या गल्लीत कान-नाक-घशाच्या एक डॉक्टरीण बसतात, डॉ. गीतांजली म्हणून. अभिरामच्या ओळखीच्या नाहीत, हे आधी खात्री करून घेतलं. घरी सांगितलं की पेन्शनच्या कामाला चाललोय.

बाईंनी आधी माझीच उलटतपासणी घेतली. कधी कान वाहिला होता का, पडद्याचं ऑपरेशन झालंय का, मधुमेह आहे का, चक्कर येते का. मग दिवा लावलेली बारीक नळी कानात घातली आणि समोरच्या पडद्यावर चित्र दिसलं. काळपट तपकिरी काहीतरी, भुयार बुजवल्यासारखं. मी म्हणालो, "हा माझाच कान कशावरून?" बाई चिडल्या नाहीत. त्यांनी नळी किंचित हलवली. मला आत लागलं आणि त्याच क्षणी पडद्यावरचं चित्र हललं. पुरावा मान्य केला.

मी म्हणालो, मी तर रोज साफ करतो. त्या म्हणाल्या, "म्हणूनच." ताई, हे ऐक. कानातला मळ म्हणजे घाण नव्हे. कान तो स्वतः तयार करतो, आतली कातडी राखायला, धूळ अडवायला. आपण जेवतो-बोलतो तसा तो आपोआप बाहेर सरकत येतो. बाहेर आला की ओल्या फडक्याने पुसायचा, बस्स. मी इतकी वर्षं बड्सने तो दाबून दाबून आत बसवला. त्यावर तेल पडल्याने तो फुगला आणि लसणाने कातडी लाल झाली. आपल्या आईचा काही दोष नाही, पण ते तेल आता कुणाला सांगू नकोस.

त्या दिवशी त्यांनी काढलं नाही. मळ मऊ व्हायला थेंब दिले, म्हणाल्या, आधी आणखी बंद वाटेल, घाबरू नका. तसंच झालं. आज पुन्हा गेलो. खुर्चीत मागे टेकवून एका बारीक नळीने मळ ओढून काढला. शिट्टीसारखा आवाज येतो आणि क्षणभर गरगरतं, पण दुखत नाही. शेवटचा तुकडा चिमट्याने काढला, चिंचोक्याएवढा. कानाच्या पडद्याला काही झालेलं नाही.

आणि ताई, ऐकू आलं! पंखा करकरतोय, बाहेर कुणीतरी पावती फाडतंय, माझा शर्ट खुर्चीला घासतोय. मला खुर्चीतून उठवेना. डोळ्यांत पाणी आलं, हे तुलाच सांगतो.

निघताना बाईंनी विचारलं, "घरचे म्हणतात का, तुम्ही पुटपुटता म्हणून?" मी म्हणालो, घरचे माझ्याशी बोलतच नाहीत. त्या म्हणाल्या, "कान असे बंद असले की स्वतःचा आवाज फार मोठा वाटतो. मग माणूस हळू बोलायला लागतो. समोरच्याला काही पोचत नाही." हे मला जरा खटकलं. पण यावर नंतर विचार करू.

घरी आलो आणि तुझ्या सूचनेप्रमाणे बहिराच राहिलो. वैदेहीने विचारलं, "झालं का काम?" मी कानाशी हात नेऊन "अं?" केलं. जमतंय मला.

नंदू

*

देवरूख, १९ जुलै २०२५

नंदू,

काय काय ऐकलंस? लगेच कळव. मला इथे चैन पडत नाही. गादी उन्हात घालायला ऊन नाही, तरी पंख्याखाली वाळवून ठेवली आहे.

ताई

*

जुईनगर, २७ जुलै २०२५

ती. ताई,

चौकशीचा निष्कर्ष कळवतो.

पहिले काही दिवस काहीच हाती लागलं नाही. खोटं कशाला सांगू, माझी निराशाच झाली. माझ्या पाठीमागे ही दोघं बोलतात ती गळक्या बाथरूमबद्दल, दूधवाल्याच्या सुट्टीबद्दल, वैदेहीच्या ऑफिसातल्या एका राजेश्वरी मॅडमबद्दल. मी पेपर तोंडासमोर धरून सगळं ऐकलं. फ्लॅटबद्दल एकदाच बोलणं निघालं. अभिराम म्हणाला, "नवीन घरात बाबांना बाथरूमजवळची खोली देऊ या, रात्री उठतात ते." ताई, मी पेपर उलटा धरलाय की काय ते बघून घेतलं.

मग बुधवारी ती दोघं गॅलरीत गेली. दार पूर्ण लागलं नव्हतं. मी जवळच्या खुर्चीत जाऊन बसलो. अभिराम म्हणाला, "अगं, आत बसलेत ते." वैदेही म्हणाली, "त्यांना कुठे ऐकू येतंय." आणि मग म्हणाली, "जाऊ देत त्यांना आत्यांकडे. मी थकले रे. माझ्या घरात मला चोरासारखं वाटतं. जाऊ देत."

हेच ऐकायला मी बसलो होतो ना? महिनोन्‌महिने हेच ते बोलत असणार अशी माझी खात्री होती. आणि तेव्हा ते हे बोलतच नव्हते. हे आत्ता बोलायला लागले. मी बोलायला लावलं. त्या रात्री मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोंग फुटलं. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, स्वतःशीच म्हणाली, "साखर घातली का मी?" आणि मी खुर्चीतून म्हणालो, "घातलीस, दोन चमचे." ती वळली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. आनंद नव्हता ताई. ती घाबरली होती.

"कधीपासून ऐकू येतंय?"

मी सांगितलं.

"म्हणजे काल गॅलरीतलं..."

मी म्हणालो, ऐकलं.

तिने गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली. म्हणाली, "मी ते बोलले. त्या क्षणी मनापासून बोलले. खोटं नाही सांगणार." मग म्हणाली की वर्षभरात तुम्ही माझ्या हातच्या चहाबद्दल एक चांगला शब्द काढला नाहीत. मी म्हणालो, "अगं, रोज सांगतो!" तिला पटेना. मी "चहा छान झालाय" हे वाक्य नेहमीच्या बेताने बोलून दाखवलं. तिला ऐकू आलं नाही. दोन हातांवर बसली होती, आणि तिला ऐकू आलं नाही.

मी तिची माफी मागितली. बहिरेपणाची नाही, सोंगाची. मग विचारलं, मी जाऊ का? ती लगेच "छे, काहीतरीच काय" म्हणेल असं मला वाटलं होतं. खाली भाजीवाला ओरडत होता, वर कुणीतरी स्टूल सरकवत होतं, सगळं ऐकू येत होतं आणि हिचं उत्तर येत नव्हतं. शेवटी म्हणाली, "गणपती होईपर्यंत राहा बाबा. मोठ्याने बोला. मग बघू दोघांनाही काय वाटतं ते." मला हे कुठल्याही गोड शब्दांपेक्षा बरं वाटलं. तेव्हा मी येत नाही, निदान आत्ता नाही.

आता एक प्रश्न तुला. वैदेहीने सांगितलं की तिने तुला पत्रात सगळं लिहिलं होतं. मी बोलतो ते त्यांना ऐकू येत नाही, ती गॅलरीत का जाते, आणि मला डॉक्टरकडे पाठवा म्हणून विनवलं होतं. तू मला लिहिलंस, "विशेष काही नाही." ताई, मी घरात सगळ्यांवर संशय घेतला. तुझ्यावर घ्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. असं का केलंस ते मला कळायला हवं.

नंदू

*

देवरूख, २ ऑगस्ट २०२५

प्रिय नंदू,

हो, लपवलं. तिचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की मुलगी खरं बोलत्ये. पण तुझी बॅग खाली आली होती आणि माझी खोली तयार होती.

कान दुखतोय म्हटल्यावर डॉक्टरकडे जा म्हणाले, तेवढं माझ्या नावावर धर. बाकीच्याचं कारण एवढंच. मला तू इथे हवा होतास. संध्याकाळी दिवा लावला की झोपेपर्यंत या घरात एक शब्द होत नाही. तू तक्रार करत होतास की दोन माणसं दार लावून तुझ्याबद्दल बोलतात. मी ते पत्र हातात धरून बसले होते आणि मला तुझा हेवा वाटला. माझ्याबद्दल बोलायला इथे कोण आहे? चांगलं नाही, वाईटसुद्धा नाही.

वैदेहीला माझं हे पत्र वाचायला दे. नंतर तिला विचार, आत्यांना गणपतीला बोलवायचं का. ती नाही म्हणाली तर नाही म्हणून कळव. पण तिने जे म्हटलं असेल तेच कळव.

ताई